बोकड्या चालतो

आमच्या डोंगरातल्या तोबाल वाडीत माणूस गेल्यावर वर्षाने त्याला एक भांडण जिंकू देतात. मिस्सा होते, जेवणं होतात, आणि मग मागे राहिलेल्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं, की अमुक बाबतीत माझी बायको बरोबर होती आणि मी चूक होतो. बायको किंवा नवरा किंवा आई, जे कोणी गेलं असेल ते. तेवढं सांगितलं की वाडीतलं थोरलं माणूस त्याच्या अंगावरची काळी घोंगडी काढतं आणि सुतक संपतं. फादरांना हे पसंत नाही. पण मिस्सेनंतर ते जेवायला थांबतात, आणि तो प्रकार चालू असताना ताटातल्या बटाट्यांकडे बघत राहतात.

नियम दोनच आहेत. भांडण खरोखर झालेलं असलं पाहिजे, शेजाऱ्यांनी ऐकलेलं. आणि हार खरी पाहिजे. गेलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं हरलेलं चालत नाही. जिवंतपणी ज्याला असली मेहेरबानी खपली नाही, त्याला मेल्यावर कशी खपेल.

सातुर्निनोने बायकोला मिठाच्या मडक्यावरून जिंकू दिलं. मडकं चुलीच्या उजव्या हातालाच बरं, हे त्याने रडत रडत सांगितलं, आणि लोक हसले तेव्हा तोही हसला. ब्लासिनाच्या आईने कबूल केलं होतं की खेचर विकत घेतलं तेव्हाच लंगडं होतं. असलंच काहीतरी असतं. कोणी मोठं काही सांगत नाही.

माझी एर्मिंदा गेली त्याला त्या रविवारी वर्ष होणार होतं, आणि माझ्याकडे हरायला काही नव्हतं.

"काही नाही म्हणजे?" माझ्या मुलीने, नूबियाने विचारलं. "आईशी तुम्ही रोज भांडायचात."

"भांडायचो. पण चूक मी नसायचो."

नूबिया चुलीपुढे बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिचं लग्न अडलं होतं. काळी घोंगडी असलेल्या घरातून मुलगी जात नाही, आणि पोरगा काही वाईट नव्हता. येइसन त्याचं नाव. तो दुधाची गाडी चालवतो, रोज सकाळी आमच्या फाटकाशी डबे उचलायला थांबतो. मला वाकून नमस्कार करायचा आणि मान वर करता करता माझ्या घोंगडीकडे बघायचा. वर्षभर बघत होता बिचारा.

त्या आठवड्यात माझ्यासाठी भांडण शोधून द्यायला ब्लासिना आणि तिचा नवरा आरिस्तोबुलो आमच्या घरी आले. नूबियाच्या बाप्तिस्म्याला तिला या दोघांनी हातावर धरलं होतं, म्हणून मी त्याला कोंपाद्रे म्हणतो आणि तिला कोमाद्रे. आता वाडीत ब्लासिनाच थोरली. घोंगडी काढायची ती तिनेच.

नूबियाने त्यांना गुळाचं गरम पाणी दिलं, त्यात चीजचे तुकडे टाकून.

"छपराचं घ्या," आरिस्तोबुलो म्हणाला. "उतार कमी ठेवलात, गारा साचतील, असं ती म्हणाली होती. मी ऐकलंय."

"छप्पर पडलं का?"

"वाकलंय."

"वाकलोय मी, कोंपाद्रे. छप्पर सरळ आहे. तुम्ही माझ्या बाजूने बघता म्हणून तुम्हाला तसं दिसतं."

"मग या चीजचं घ्या," ब्लासिना म्हणाली. "पाण्यात आधी टाकायचं का नंतर, यावरून तुम्ही एकदा नाताळात बोलत नव्हतात."

"ते मी तिच्या जिवंतपणीच हरलो. एकच भांडण दोनदा कसं हरणार?"

"लाल मेंढी?"

"लाल मेंढी मेलीच. मी म्हणालो होतो मरेल."

"सगळ्याच मेंढ्या मरतात, बाबा," नूबिया म्हणाली.

आरिस्तोबुलोने चीजचा तुकडा बोटाने बाहेर काढून खाल्ला. "माझं बरं आहे," तो म्हणाला. "ब्लासिना गेली तर मला नुसतं निवडायला वर्ष लागेल."

"म्हणूनच मी आधी जाणार नाही," ब्लासिना म्हणाली. "तुम्ही जा. मला एक मिनिटही लागायचं नाही, कारण तुमचं बरोबर निघालेलं एकच आहे. तुम्ही म्हणाला होतात की ही बाई माझ्याशी लग्न करेल म्हणून." मग ती माझ्याकडे वळली. "कोंपाद्रे, उगीच आडवळणं घेऊ नका. तुमचं आणि तिचं खरं भांडण एकच. लग्न झाल्यापासून अख्खं तोबाल ते ऐकतंय. बोकड्याचं घ्या."

"त्यात मी बरोबर आहे," मी म्हणालो. "पुस्तकात आलंय."

बोकड्या म्हणजे आमच्या वरच्या माळावरचा हमिंगबर्ड. बटाट्याची शेतं जिथे संपतात त्याच्याही वर, जिथे रोज रात्री दव गोठतं आणि फ्रायलेहोनखेरीज काही उभं राहत नाही, तिथे तो राहतो. फ्रायलेहोनची पानं लोकरीसारखी असतात, झाड माणसाएवढं होतं, आणि धुक्यात पाहुण्याला वाटतं की कोणी साधू रांगेने उभे आहेत. त्याची पिवळी फुलं हे या पक्ष्याचं ताट. अंगाने तो मळकट हिरवा, काही बघण्यासारखा नाही. पण नराच्या डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पिसांची टोकदार शेंडी असते आणि चोचीखाली लांब पांढरी दाढी, तिच्या मधोमध हिरवी रेघ. चोच इतकी आखूड की मोडली की काय असं वाटावं. मादीला दाढी नाही, शेंडी नाही. घरटं ती एकटीच बांधते. एर्मिंदा म्हणायची, काम करणारीला नटायला वेळ कुठला.

एर्मिंदा आमच्या बाजूची नव्हती. ती रुईसच्या बर्फाच्या डोंगराखालची, मुरियो गावची. मी तरुणपणी बियाण्याचे बटाटे आणायला ट्रकबरोबर तिकडे गेलो होतो, आणि परत येताना पोत्यांवर ती बसून आली. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी तिला वर माळावर नेलं. फुलावर बोकड्या बसला होता. तिने त्याला बघितलं आणि ती हसायला लागली.

"हा तर आमचाच," ती म्हणाली. "इकडे येऊन दाढी रंगवलीय."

त्यांच्याकडच्याची दाढी तांबूस असते, दुधात मध घातल्यासारखी. मी म्हणालो, "तो तुमचा वेगळा आणि हा आमचा वेगळा."

"शेंडी तीच, चोच तीच."

"मधे माग्दालेना नदीचं खोरं आहे. तिथे माणूस सदरा काढून झोपतो. बोकड्या तिथे उतरला तर उकडून मरेल. तो तिकडून इकडे येणार कसा?"

"मी कशी आले?"

"ट्रकने."

"मग तोही आला असेल," एर्मिंदा म्हणाली.

हे भांडण तिथून सुरू झालं. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करूनच बोलतात, त्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, किती सलोखा आहे. जवळ राहणाऱ्यांना माहीत होतं.

मग एका वर्षी राजधानीहून पक्ष्यांच्या बाई आल्या. आमच्याकडे उतरल्या होत्या, नूबियाच्या खोलीत. दिवसभर वर बसून चित्रं काढायच्या. एका संध्याकाळी गव्हाच्या भरड्याचं सूप पिता पिता त्यांनी सांगितलं की पूर्वी सगळीकडचे बोकडे एकाच जातीचे धरायचे, पण आता जाणत्या लोकांनी पिसं, शेंड्या, दाढ्या शेजारी ठेवून तपासल्या आणि त्यांच्या चार जाती केल्या. आमचा हिरव्या दाढीचा. रुईसचा तांबूस दाढीचा. शेजारच्या देशात, मेरिदाच्या डोंगरावर, पांढऱ्या दाढीचा. आणि चौथा समुद्राजवळच्या सांता मार्ताच्या डोंगरावर, निळ्या दाढीचा, जो बरीच वर्षं कोणाला दिसलाच नाही. संपला असं लोक धरून चालले होते, आणि मग एकदम दिसला. एका घरातले चार भाऊ, बाई म्हणाल्या, पण चुली वेगळ्या.

मी चमचा खाली ठेवला. एर्मिंदाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

ती बाईंना वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "बाई, हे एकाचे चार झाले ते पक्ष्यामुळे झाले का कागदामुळे?"

बाई हसल्या. "थोडं त्याच्यामुळे, थोडं याच्यामुळे."

"आणि तो निळा इतकी वर्षं का दिसला नाही?"

"ते आम्हाला माहीत नाही."

"मला माहीत आहे," एर्मिंदा म्हणाली. "तुम्ही मोजायला येताय असं कोणीतरी त्याला सांगितलं असेल."

त्यानंतर मी वाडीत भेटेल त्याला सांगत सुटलो की पुस्तकात आलंय. एर्मिंदाने ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की चालण्याचं पुस्तकात काय आलंय.

कारण तिचं दुसरं एक म्हणणं होतं. तिच्या माहेरचा बोकड्या जमिनीवर चालतो. गारांनी आडवं झालेलं गवत असतं ना, त्यावर उतरतो आणि कोंबडीसारखा चालत किडे टिपतो. आणि आमचाही चालतो, ती म्हणायची, कारण तो तोच आहे. हे मला कधी पटलं नाही. हमिंगबर्डला पाय असतात ते नावाला, फांदी धरण्यापुरते. मी तिला विचारायचो, मग तुमच्याकडच्या गायी उडतात का. वाडीतही तिचं कोणी ऐकलं नाही. बाकी वेळी माझ्या बाजूने कोणी उभं राहत नाही, पण या एका गोष्टीत अख्खं तोबाल माझ्या बाजूने होतं. चालणारा हमिंगबर्ड कोणी पाहिलाय.

"तुम्ही बसत नाही," ती म्हणायची. "बसल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही तरातरा येता, मेंढ्या मोजता, आणि जाता."

"मेंढ्यांसाठीच तर येतो."

"मग मेंढ्याच दिसणार."

तर ब्लासिना म्हणाली बोकड्याचं घ्या, आणि मी म्हणालो पुस्तकात आलंय.

"चार जातींचं राहू द्या," ती म्हणाली. "चालण्याचं तरी घ्या."

"चालतच नाही तो. खोटं कसं हरू? नियम तुम्हीच सांगता."

आरिस्तोबुलो म्हणाला, "तेही खरंच. चालत नाही तो." ब्लासिनाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उरलेलं गुळाचं पाणी एका घोटात संपवलं.

ते गेल्यावर नूबिया मला म्हणाली, "बाबा, तुम्हाला हरायचंच नाहीये."

ते खरं होतं.

एर्मिंदा गेल्यापासून मी रोज सकाळी वर जायचो. मेंढ्यांचं निमित्त, पण मेंढ्या खालच्या कुरणात असल्या तरी जायचो. बोकड्या दिसला की मोठ्याने म्हणायचो, "बघा, उडतोय." आणि ती काय म्हणाली असती ते मला नेमकं माहीत असायचं. मग मी त्यावर बोलायचो. असं घटकाभर चालायचं. आमचं दुसरं बोलणं तसं फार नव्हतंच. मीठ, पाऊस, मेंढ्या, नूबिया. मीठ आता मीच वरून टाकतो, नूबिया जाईल, आणि पावसाबद्दल किती बोलणार. भांडण हे एकच असं होतं की ज्यात ती अजून उत्तर द्यायची. ते रविवारी सगळ्यांसमोर मिटवून टाकलं तर सोमवारी वर जाऊन मी काय करणार होतो?

हे नूबियाला सांगता आलं नसतं. कोणालाच नाही.

रविवारच्या आधी दोन-तीन दिवस, सकाळी मी वर असताना गारा झाल्या. गारा थांबल्या आणि लगेच धुकं आलं, आमच्याकडे येतं तसं, भिंत पडल्यासारखं. धुक्यात हलणारा माणूस दरीत सापडतो, म्हणून मी एका फ्रायलेहोनच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. वाळक्या पानांचा तिथे जाड पदर असतो, उबदार वाटतं. घोंगडी डोक्यावर घेतली. भांडायलाही काही नव्हतं, समोर काही दिसतच नव्हतं. बराच वेळ तसाच बसलो. इतका वेळ मी तिथे याआधी कधी बसलो नसेन.

मग धुकं विरळ झालं. माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर, गारांनी झोपवलेल्या गवतावर, बोकड्या होता. आमचाच. हिरवी रेघ स्वच्छ दिसत होती. मला वाटलं जखमी झालाय. गारांनी मरतात कधी कधी.

त्याने एक पाय उचलला आणि पुढे टाकला. मग दुसरा. मग एक छोटी उडी, मग पुन्हा पावलं. मिस्सेला उशिरा पोचलेला माणूस बाकांच्या मधून जातो तसा चालला होता, मान खाली, कोणाकडे न बघता. गवतात काहीतरी टिपलं. वाऱ्याने शेंडी मागे पडली होती आणि दाढी गवताला लागत होती. असा तो एका झुडपाला वळसा घालून गेला आणि पलीकडून परत आला.

मी म्हणालो, "एर्मिंदा, बघा."

तो उडाला. आणि मी तिथेच बसून राहिलो, कारण मी हरलो होतो आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं.

एकट्यालाच माहीत असलेली गोष्ट दाबून ठेवता येते. घरी येईपर्यंत मी तेच ठरवलं.

"मेंढ्या?" नूबियाने विचारलं.

"आहेत."

"मग तोंड असं का झालंय?"

"गारठलोय."

तिने माझ्यापुढे सूप ठेवलं. मग समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "रविवारी तुम्ही काही बोलला नाहीत, तर सोमवारी सकाळी मी येइसनच्या गाडीत बसून जाणार आहे."

"गाडीत डबे असतात. जागा कुठे आहे?"

"डब्यावर बसेन."

हे सांगताना तिने हनुवटी वर केली होती. आवाजात राग नव्हता, फक्त कळवत होती. मुरियोहून निघताना पोत्यांवर बसलेल्या बाईनेही मला असंच कळवलं होतं, की ट्रकमध्ये जागा नाही हे मला दिसतंय. मी सूप प्यायलो. मीठ कमी होतं. ते मी बोललो नाही.

रविवारी मिस्सा झाली. फादरांनी एर्मिंदाचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा बरोबर घेतलं. नंतर सगळे आमच्या अंगणात आले. मेंढी कापली होती, उकडलेले बटाटे होते, ओला पावटा होता, आणि मक्याच्या दारूचा माठ आरिस्तोबुलोच्या हाताशी होता. जेवणं उरकत आली तशी ब्लासिना उठली, कमरेच्या फडक्याला हात पुसले, आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. फादर बटाट्यांकडे बघू लागले.

मी उभा राहिलो. "एर्मिंदा म्हणायची बोकड्या चालतो," मी म्हणालो. "मी म्हणायचो चालत नाही. ती बरोबर होती. मी त्याला चालताना पाहिला."

मग सातुर्निनो हसला, आणि मग सगळेच.

"कोंपाद्रे," आरिस्तोबुलो म्हणाला, "पोरीच्या लग्नासाठी बाप काय काय बघतो."

"मी पाहिला."

"कुठे?"

"वर. धुक्यात."

"धुक्यात," आरिस्तोबुलो म्हणाला.

"धुकं विरळ झालं होतं."

"आणि तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोण असणार?"

"दाढी होती त्याला?" सातुर्निनोने विचारलं. "कारण तुमच्याही दाढीला वर्षभर वस्तरा लागला नाहीये. डबक्यात बघितलं असेल."

येइसन हसला नाही, हे मी बघून ठेवलं. तो माझ्या घोंगडीकडे बघत होता.

मी ब्लासिनाकडे वळलो. मला वाटलं होतं, ती तरी ऐकेल. तिने मान हलवली. "कोंपाद्रे, मला काही नूबियाचं लग्न नकोय असं नाही. पण हार खरी पाहिजे. तुम्ही आयुष्यभर आम्हाला सांगितलंत की चालत नाही. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला. आता सुतक संपायच्या दिवशी एकदम म्हणताय चालतो. मी कोणत्या तुमच्यावर विश्वास ठेवू?"

"आत्ताच्या."

"आत्ताच्या तुमचा यात फायदा आहे."

"मग वर चला," मी म्हणालो. "दाखवतो."

दुपारच्या त्या वेळी, पोटात मेंढी घेऊन, कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आमच्या लोकांना दुसऱ्याची फजिती बघायला डोंगर कमी वाटतो. सगळे निघाले. फादरही निघाले, जेवण जिरेल म्हणाले, आणि झगा वर खोचून माझ्या मागोमाग चढले. आरिस्तोबुलोने माठ घेतला नाही, पण बाटली घेतली.

वर ऊन होतं आणि वारा होता. मी सगळ्यांना त्याच बुंध्यापाशी बसवलं. म्हणालो बोलू नका. तोबालच्या माणसांना हे सांगणं म्हणजे मेंढ्यांना सांगण्यासारखं आहे, पण थोडा वेळ गप्प बसले. आणि बोकड्या आला. समोरच्या फुलावर उतरला, पायांनी फूल धरलं, आणि आखूड चोच आत खुपसून निवांत खात राहिला. खाऊन झालं की पुढच्या फुलावर. गवताकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

"पाय दुखत असतील," आरिस्तोबुलो म्हणाला.

"थांबा थोडं."

"अहो बोकडेबुवा," आरिस्तोबुलोने त्या फुलाकडे बघून हाक मारली, "चार पावलं टाका. पोरगी खोळंबलीय."

बोकड्याने शेंडी उभी केली आणि उडून गेला. लोक हसले. मग दुसरा आला, तोही फुलावरच. मग मादी आली, तीही. वारा वाढला. फादरांना थंडी वाजू लागली होती. सातुर्निनो म्हणाला खाली माठ वाट बघतोय.

"तर मग ठरलं," आरिस्तोबुलो म्हणाला. "चालत नाही. कोंपाद्रे, तुम्ही आधी म्हणत होतात तेच खरं. तुम्ही हरला नाहीत, वाईट वाटून घेऊ नका."

मला राग आला. एरवी मला राग येतो तसा नाही. "तुम्हाला काय माहीत?" मी म्हणालो. "तुम्ही इथे बसलात किती? ढुंगण टेकलं नाही तोच उठता. बाकीचे हमिंगबर्ड बघा, हवेत लटकून पितात. हा बघा, फूल धरून उभा राहतो. ज्याला उभं राहता येतं त्याला चालता का येऊ नये?"

"मी खाटेवर उभा राहतो," आरिस्तोबुलो म्हणाला, "म्हणून काय खाटेवर चालतो?"

"प्यायल्यावर चालता. मी पाहिलंय."

"रुईसचे चालत असतील. ते वेगळे. तुम्हीच सांगितलंत, पुस्तकात आलंय."

"कसले वेगळे? चोच तीच. राहतात त्याच झाडांत, खातात तेच. दाढीचा रंग कोणता एवढ्यावरून पाय बदलतात का? तुमची दाढी पिकली तेव्हा तुम्ही लंगडायला लागलात का?"

"मधे खोरं आहे, कोंपाद्रे. उकाडा आहे."

"खोरं असू द्या. खोऱ्याने काय होतं? माणसं येत नाहीत का इकडून तिकडे?"

"पण पक्षी..."

"कशावरून येत नाहीत? तुम्ही माग्दालेनाच्या काठी बसून बघितलंय?"

"तुम्हीच म्हणायचात..."

"मी काय म्हणायचो ते मला सांगू नका. मी चूक होतो. किती वेळा सांगू, मी चूक होतो. ती इथे बसायची आणि तुम्ही सगळे खाली तिच्यावर हसायचात, आणि तुमच्यातल्या एकाने तरी वर येऊन बघितलं का? फादर, तुम्ही बघितलंत?"

फादर म्हणाले की ते मागच्या ईस्टरलाच बदलून आलेत.

मी आणखी पुष्कळ बोललो. आरिस्तोबुलोही बोलला, तो असं भांडण सोडणारा माणूस नाही. निळ्या दाढीचा मधेच कुठून आला आठवत नाही, पण आला, आणि मी त्याचीही बाजू घेतली. समोर बोकडे फुलावरून फुलावर जात होते आणि आमच्याकडे लक्ष देत नव्हते. मला एकदम खांद्यांवर गार वारा लागला, तेव्हा मी बोलायचा थांबलो.

ब्लासिना माझ्या मागे उभी होती. माझी काळी घोंगडी तिच्या हातात होती, आणि ती तिची घडी घालत होती.

"हे काय?" आरिस्तोबुलो म्हणाला. "पक्षी कुठे चालला?"

"पक्षी चालतो का नाही ते मला माहीत नाही," ब्लासिना म्हणाली. "माझा अजून विश्वास नाही. पण हा माणूस हरलाय, हे मी शपथेवर सांगते." घोंगडी तिने काखेत मारली आणि उताराला लागली. फादर तिच्या मागे निघाले, त्यांना खाली जायचंच होतं.

नूबिया माझ्याजवळ आली. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर तेवढी सरळ केली. येइसनने स्वतःच्या अंगावरची करडी घोंगडी काढून माझ्या खांद्यांवर टाकली. वाऱ्यात स्वतः कुडकुडत उभा राहिला. घोंगडी मला आखूड होती, आणि तिला दुधाचा वास येत होता.

"उद्या परत येऊ," आरिस्तोबुलो म्हणाला. तो अजून गवताकडेच बघत होता. "सकाळी. गारा झाल्या तर."

"बसावं लागेल," मी म्हणालो.

"बसेन की. पण मी सांगतो तुम्हाला, कोंपाद्रे, चालत नाही तो."

"तुम्ही गप्प बसाल तर चालेल."

"म्हणजे न चालण्याचं खापर माझ्यावर."

"मग काय त्याच्यावर?" मी म्हणालो, आणि येइसनला सांगितलं की लग्नाच्या आधी एक नीट लांबीची घोंगडी विणून घे.